अत्तराच्या कुपीतले नाव : अंबर

मराठी घरात मुलाचे नाव अंबर ठेवले, तर बारशाला आलेल्या बायकांना त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. अंबर म्हणजे आकाश. पीतांबर आणि दिगंबर ओठांवर असल्यामुळे वस्त्र हा दुसरा अर्थही सर्वांना ठाऊक असतो. नाटक-चित्रपटांतले ज्येष्ठ अभिनेते अंबर कोठारे यांच्यामुळे हे नाव एका पिढीच्या चांगले ओळखीचे झाले. पण महाराष्ट्राच्या इतिहासातला सर्वांत मोठा अंबर या आकाशाच्या गोत्रातला नव्हता. निजामशाहीचा कारभार पाव शतक सांभाळणारा, खडकी शहर वसवणारा आणि खुलताबादेत दफन झालेला मलिक अंबर याचे नाव अरबी आहे. ते समुद्रातून आणि अत्तरांच्या बाजारातून आलेले आहे. मुलाचे नाव म्हणून हा अरबी अंबर आज क्वचितच आढळतो. इतक्या मोठ्या माणसाने धारण केलेले, अर्थाने सुगंधी आणि उच्चाराला सोपे असलेले हे नाव दुर्मीळ का राहिले, हा प्रश्न म्हणूनच तपासण्याजोगा आहे.

आधी नावाची घडण. अरबीत ते ऐन, नून, बे, रे या चार अक्षरांनी लिहितात. लिहिताना मधे ‘न’ असतो, पण ‘ब’च्या आधी आलेल्या ‘न’चा उच्चार अरबीत ‘म’सारखा होतो, म्हणून लिहायचे अन्बर आणि म्हणायचे अम्बर. रोमन लिपीत या नावाची दोन-तीन रूपे फिरतात ती यामुळेच. देवनागरीत अनुस्वाराचा एक ठिपका दोन्ही बाजू सांभाळून घेतो. मात्र त्यामुळे अरबी अंबर आणि संस्कृत अंबर कागदावर हुबेहूब सारखे दिसतात आणि घोटाळा पक्का होतो. त्यात आणखी दोन शब्दांची भर आहे. धान्याचा किंवा कामाचा अंबार हा फारसी शब्द, मूळ अर्थ कोठार. इराकमधल्या अन्बार प्रांताचे नाव या कोठाराशी जोडलेले आहे आणि अरबीत ते ऐनने नव्हे, अलिफने सुरू होते. हत्तीच्या पाठीवरची अंबारी तर तिसऱ्याच घरची. या चौघांचे एकमेकांशी रक्ताचे नाते नाही.

अरबी अंबर हे एक द्रव्य आहे. स्पर्म व्हेल हा महाकाय देवमासा प्रामुख्याने माखल्यांसारख्या खोल समुद्रातल्या प्राण्यांवर जगतो. माखल्यांच्या कठीण चोची त्याला पचत नाहीत. काही थोड्या देवमाशांच्या आतड्यात त्या चोचींभोवती मेणासारखा गोळा साचतो आणि तो समुद्रात पडतो. ताजा असताना काळा आणि उग्र वासाचा असलेला हा गोळा ऊन, वारा आणि खारे पाणी खात वर्षानुवर्षे तरंगतो, करडा होत जातो आणि मग त्याला अत्तरवाल्यांना वेड लावणारा गोडसर, मातकट, दर्यावर्दी गंध येतो. पूर्व आफ्रिका, ओमान, मालदीव आणि भारताचा पश्चिम किनारा असा सगळा हिंदी महासागराचा काठ हा त्याच्या वाहून येण्याचा पट्टा आहे. मार्को पोलोनेही या भागातल्या अंबराचा आणि देवमाशांचा उल्लेख केलेला आहे.

अरबांना हा प्राणी आणि हे द्रव्य दोन्ही एकाच नावाने माहीत होते. हदीसमध्ये एक प्रसंग येतो. अबू उबैदा यांच्या हाताखाली निघालेली तीनशे जणांची तुकडी उपासमारीने टेकीला आली होती. किनाऱ्यावर लागलेला एक प्रचंड समुद्री जीव त्यांना सापडला आणि त्याच्या मांसावर ती तुकडी कित्येक दिवस जगली. त्या जीवाला तिथे ‘अंबर’च म्हटले आहे. पुढे फारसी आणि उर्दू कवितेत हा शब्द प्रेयसीच्या काळ्याभोर, सुगंधी केसांना चिकटला. इराकमध्ये सुवासिक तांदळाच्या एका जातीला अंबर म्हणतात. कनौजच्या अत्तरांत ‘शमामतुल अंबर’ मानाचे आहे आणि मुंबईत महंमद अली रस्त्यावरच्या अत्तरवाल्यांकडे ते मागितले तर कोणी बुचकळ्यात पडत नाही. आपल्याकडच्या रसशास्त्रातही हे द्रव्य ‘अग्निजार’ म्हणून साधारण रसांच्या गणात बसलेले आहे.

आजच्या मराठी वर्तमानपत्रात मात्र ते ‘व्हेल माशाची उलटी’ या नावाने, गुन्हेवृत्ताच्या पानावर येते. स्पर्म व्हेलला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्यामुळे हे अंबर, म्हणजे इंग्रजीतले अंबरग्रीस, बाळगणे आणि विकणे भारतात गुन्हा आहे. कोकण किनाऱ्यावर आणि मुंबई-पुण्याकडे कोट्यवधी रुपयांच्या किमतीचा माल पकडल्याच्या बातम्या अधूनमधून असतातच. सुगंधी द्रव्यांच्या कारखान्यांत त्याच्या जागी आता बहुतेक करून वनस्पतिजन्य कच्च्या मालापासून बनवलेली कृत्रिम द्रव्ये वापरली जातात.

इतके मोलाचे द्रव्य माणसाच्या नावात आले कसे? इथे अरबी नामकरणाची एक जुनी रीत समजून घ्यावी लागते. दहाव्या शतकाच्या आरंभीचा भाषापंडित इब्न दुरैद याने नावांच्या व्युत्पत्तीवर ‘अल-इश्तिकाक’ हा ग्रंथ लिहिला. त्यात तो एक जुना किस्सा नोंदवतो. कोणीतरी विचारले, की अरब लोक आपल्या पोटच्या मुलांना सिंह, लांडगा, कुत्रा, खडक अशी राकट नावे का देतात आणि गुलामांना मात्र गोड, शुभ नावे का देतात? उत्तर मिळाले, की मुलांची नावे शत्रूंसाठी असतात आणि गुलामांची स्वतःसाठी. म्हणजे मुलाचे नाव रणात ऐकणाऱ्याला धडकी भरवणारे हवे आणि दिवसातून पन्नास वेळा हाक मारायच्या चाकराचे नाव धन्याच्या तोंडाला गोड लागले पाहिजे.

या रीतीतून गुलामांच्या नावांचा एक वेगळाच कोश तयार झाला. त्यात सुगंध होते : अंबर, काफूर, मिस्क, संदल, रैहान. रत्ने होती : याकूत म्हणजे माणिक, लुलू म्हणजे मोती, मरजान म्हणजे पोवळे, जौहर म्हणजे रत्न, अलमास म्हणजे हिरा. शिवाय यसार, रबाह, नजीह, अफलह अशी सुबत्ता, नफा आणि यशाची नावे होती. या शेवटच्या चार नावांबद्दल तर हदीसमध्ये स्पष्ट मनाई आहे आणि तिचे कारण मोठे व्यवहारी आहे. ‘घरात यसार आहे का?’ असे कोणी विचारावे आणि ‘नाही’ असे उत्तर यावे, तर घरात सुबत्ताच नसल्याचा अपशकुन होतो.

यांतल्या काही नावांना गुलामीत पडलेली माणसेच पुढे सत्तेपर्यंत घेऊन गेली. दहाव्या शतकात काफूर नावाच्या काळ्या खोजाने इजिप्तचा कारभार दोन दशके चालवला. मूळ सिसिलीकडचा जौहर हा फातिमी सेनापती. त्याने ९६९मध्ये इजिप्त जिंकून कैरो वसवायला घेतली. बद्रुद्दीन लुलू हा मोसुलचा सत्ताधीश झाला. या नावांत कधी कधी खवचटपणाही असे. कापूर पांढराशुभ्र, आणि ते नाव काळ्या माणसाला. अंबर काळा किंवा करडा असल्याने हबशी गुलामाला दिलेले हे नाव सुगंधाबरोबर रंगही सांगत असे.

मलिक अंबरची कथा या रीतीचे ठळक उदाहरण आहे. त्याचा जन्म १५४८च्या सुमारास इथिओपियात झाला. आईबापांनी ठेवलेले नाव चापू. लहानपणीच तो विकला गेला, हातोहात फिरत बगदादला पोहोचला आणि तिथल्या मीर कासिम या व्यापाऱ्याने त्याला शिकवले, मुसलमान केले आणि अंबर हे नाव दिले. पुढे तो दख्खनला आणला गेला. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले आणि हा चंगीझखान स्वतःही एके काळचा हबशी गुलामच होता. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला. विजापूरच्या चाकरीत असताना त्याला ‘मलिक’ हा किताब मिळाला. १६००मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावर त्याने दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला परांड्याला गादीवर बसवले, आपली मुलगी त्याला दिली आणि १६२६मध्ये मरेपर्यंत मोगलांशी झुंज घेतली. खडकीचा भडकल दरवाजा आणि भूमिगत नळांची नहर-ए-अंबरी या त्याच्या आजही दाखवता येणाऱ्या खुणा. खडकी म्हणजे नंतरचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर.

मराठी तोंडाने त्याची पदवी आणि नाव एकत्र करून ‘मलिकंबर’ असा एकच शब्द केला. जमिनीची प्रतवारी आणि पीकपाणी पाहून ठरवलेल्या त्याच्या महसूलपद्धतीला ‘मलिकंबरी धारा’ म्हणत. कवींद्र परमानंदाने ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात मलिक अंबरची १६२४ची भातवडीची लढाई वर्णिली आहे. संस्कृत काव्यात शिरताना अरबी अंबराला अक्षरही बदलावे लागले नाही. मोगल दरबारातून मात्र या नावामागे शिव्या येत. जहांगीर भाल्यावर खोवलेल्या मलिक अंबरच्या मस्तकावर बाण सोडतो आहे, असे अबुल हसनने सुमारे १६१६मध्ये काढलेले चित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. प्रत्यक्षात असे काही कधीच घडले नाही.

दख्खनच्या दफ्तरांत आणि शिलालेखांत त्या कोशातली बाकीची नावेही भेटतात. विजापूरच्या इब्राहीम रोज्याच्या बांधकामाशी मलिक संदलचे नाव जोडलेले आहे. तिथल्या जामा मशिदीच्या मिहराबाची रंगीत सजावट १६३६मध्ये झाली आणि तिथल्या लेखात याकूत दाबुली हे नाव आहे. दाबुली म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळचा. कर्नाटकातल्या सिरा इथे आदिलशाही सरदार मलिक रैहानचा दर्गा आहे. १६६०मध्ये पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर मराठी मुलांना चौथीच्या इतिहासापासून माहीत असतो. जंजिऱ्याच्या सिद्दी कासमला ‘याकूतखान’ हा किताब होता आणि त्याच्या फौजेने १६८९-९०मध्ये मुंबईच्या इंग्रजांना किल्ल्यात कोंडून ठेवले. जंजिऱ्याच्या सुरुवातीच्या सिद्दी अंमलदारांत आणखी एक अंबर होऊन गेला. म्हणजे सतराव्या शतकातल्या दख्खनमध्ये हे नाव मुळीच अनोळखी नव्हते. प्रत्येक वेळी ते हबशी माणसाचे होते, एवढेच.

दुर्मिळतेचे उत्तर याच ठिकाणी सापडू लागते. मलिक अंबरने आपल्या मुलांची नावे काय ठेवली ते पाहावे : फतेहखान आणि चंगीझखान. पहिल्यात विजय आहे आणि दुसरे त्या पेशव्याचे आहे, ज्याने बापाला विकत घेतले होते. स्वतंत्र माणसाच्या आणि राज्याच्या वजिराच्या घरात अत्तरांची, रत्नांची नावे पुढच्या पिढीला दिली गेली नाहीत. सुटलेला गुलाम आपले नाव टाकून देत नसे. त्या नावावरच त्याने कीर्ती मिळवलेली असे. पण ते मुलाला देणे ही वेगळी गोष्ट होती. ज्यांच्याकडे ही नावे सर्वांत जास्त होती, त्यांनीच ती वारशाने पुढे नेली नाहीत, आणि इतरांनी ती आपली मानली नाहीत.

यावर कोणी म्हणेल, की गुलामाचे नाव म्हणून काही कायमचा शिक्का बसत नाही. बिलालचे उदाहरण समोर आहे. बिलाल इब्न रबाह हे हबशी वंशाचे, गुलामीत जन्मलेले. वडिलांचे नावही त्याच चाकरांच्या कोशातले. पण इस्लामचे पहिले मुअज्जिन म्हणून त्यांना जो मान मिळाला, त्यामुळे बिलाल हे नाव मोरोक्कोपासून इंडोनेशियापर्यंत आनंदाने ठेवले जाते, आणि मालेगाव-भिवंडीतही. काफूरच्या वाट्याला उलटा प्रकार आला. थोर कवी मुतनब्बी याने आधी काफूरची स्तुती गायली आणि मनासारखे पद न मिळाल्यावर त्याच्यावर जहरी काव्य रचले. अरबी साहित्य शिकणाऱ्या मुलांनी ते हजार वर्षे वाचले. आपल्याकडे तर हे नाव देवगिरीवर आणि पुढे दक्षिणेत चालून आलेल्या मलिक काफूरमुळे लक्षात राहिले. अशा नावाला पाळण्यात जागा मिळणे अवघड होते.

रैहानचा प्रवास सर्वांत बोलका आहे. रैहान म्हणजे तुळशीच्या कुळातली सुगंधी वनस्पती. मलिक रैहानसारख्या हबशांचे हे नाव आज ‘रेहान’ होऊन भारतीय उपखंडात अगदी आधुनिक, शहरी मानले जाते. त्याला तीन गोष्टींचा आधार मिळाला. कुराणात हा शब्द स्वर्गाच्या आणि सृष्टीच्या वर्णनात येतो. अल-बिरुनीसारख्या विद्वानाच्या नावात, अबू रैहान म्हणून, तो पूर्वीपासून होता. आणि आजच्या आईबापांना आवडतो तसा तो छोटा आणि मऊ आहे. याकूत, मरजान आणि काफूर हे शब्दही कुराणात आहेत, तरी मुलग्यांची नावे म्हणून ते मागे पडले. अंबर तर कुराणात नाहीच. म्हणजे केवळ धर्मग्रंथातला उल्लेख नाव तारत नाही आणि नुसता चांगला अर्थही पुरत नाही. बिलालला जसा सर्वमान्य पूर्वज मिळाला, तसा अंबरला मिळाला नाही. मलिक अंबर थोर होता, पण त्याची थोरवी दख्खनपुरती राहिली आणि तीही राजकीय इतिहासाच्या पानांत. त्याच्या नावाने मुलाचे नाव ठेवावे अशी भक्तिपरंपरा उभी राहिली नाही.

अरबी शब्द मराठी मुलांच्या नावांत बसत नाहीत, असेही म्हणता येत नाही. हैबतराव, दौलतराव, हिंमतराव, साहेबराव, फत्तेसिंह या खास मराठमोळ्या वाटणाऱ्या नावांचा पहिला भाग अरबीच आहे. मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पीराच्या नावावरून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. यातला शरीफ हा अरबी शब्द. हे शरीफजी भातवडीच्या लढाईत मलिक अंबरच्या बाजूने लढताना पडले. दरबारी पराक्रमाचे, दरार्‍याचे, मानाचे अरबी शब्द मराठा घराण्यांनी खुशीने उचलले आणि त्यांना ‘राव’, ‘जी’ जोडून आपलेसे केले. त्यांत अत्तराचे नाव एकही नाही, कारण ज्यांच्यावर वचक बसवायचा त्यांच्यासाठी ही नावे होती. इब्न दुरैदच्या किश्शातले तर्कशास्त्र सह्याद्रीतही लागू पडत होते.

अंबर या शब्दाला मुलग्यांच्या यादीत जागा मिळाली नाही, तरी मुलींच्या यादीत ती भरपूर मिळाली. फारसीतून आलेले ‘अंबरीन’, म्हणजे अंबराच्या सुगंधाचे, हे पाकिस्तानात आणि भारतातल्या उर्दू बोलणाऱ्या घरांत मुलींचे परिचित नाव आहे. नुसते अंबरही तिकडे बहुधा मुलीचेच समजले जाते. युरोपात हा शब्द अरबीतूनच लॅटिनमार्गे गेला. फ्रेंचांनी करडा अंबर आणि पिवळा अंबर असा भेद केला. करडा म्हणजे देवमाशाचा, पिवळा म्हणजे बाल्टिक किनाऱ्यावर सापडणारी झाडांची अश्मीभूत राळ. कालांतराने इंग्रजीत नुसते ‘अँबर’ म्हटले की राळेचा पिवळा खडाच डोळ्यांपुढे येऊ लागला आणि रत्नांवरून मुलींची नावे ठेवण्याच्या रिवाजात तो सामील झाला. १९४४मध्ये कॅथलीन विन्सर यांची ‘फॉरएव्हर अँबर’ ही कादंबरी गाजली, १९४७मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. १९८०च्या दशकात अमेरिकेत मुलींच्या पहिल्या वीस नावांत अँबर होते. बगदादच्या व्यापाऱ्याने एका हबशी पोराला दिलेले नाव आणि या अमेरिकी मुलींचे नाव मुळात एकच.

लोकप्रियता मोजायची तर देशादेशांत साधने वेगळी आहेत. अमेरिकेचे सामाजिक सुरक्षा खाते १८८०पासूनच्या नावांचे आकडे देते, पण एखाद्या वर्षी पाचपेक्षा कमी बाळांना दिलेले नाव त्यात दाखवत नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या सांख्यिकी कार्यालयाच्या यादीत २०२३मध्ये मुलग्यांच्या नावांत मुहम्मद पहिले होते. भारतात दरवर्षीची अशी सरकारी क्रमवारी प्रसिद्ध होत नाही. बाळांच्या नावांची पुस्तके मात्र ढिगाने निघतात आणि त्यांत अंबरपुढे हमखास ‘आकाश’ लिहिलेले असते. कोशांत डोकावणाऱ्याला मात्र संस्कृत अंबराच्या अर्थांतही शेवटीशेवटी एक सुगंधी द्रव्य नोंदवलेले दिसते.

गेल्या काही दशकांत मलिक अंबरकडे पाहण्याची नजर बदलते आहे. भा. ग. तामसकर यांचे चरित्र १९७८मध्ये आले. रिचर्ड ईटन यांनी २००५च्या आपल्या दख्खनविषयक पुस्तकात निवडलेल्या आठ व्यक्तींत त्याला स्थान दिले. २०१३मध्ये न्यूयॉर्कच्या शोंबर्ग केंद्राने भारतातल्या आफ्रिकी वंशाच्या सरदारांवर आणि राज्यकर्त्यांवर प्रदर्शन भरवले, त्यातही तो ठळकपणे होता. नाव परत यायला अशी प्रतिष्ठा उपयोगी पडते, पण अडचणी व्यवहारातल्या आहेत. उर्दू बोलणाऱ्या शेजारात मुलगा अंबर म्हणवला, तर ते मुलीचे नाव वाटते. परदेशी शाळेच्या हजेरीपटावर इंग्रजी स्पेलिंगमुळे पुन्हा तेच होते. नूनची खूण ठेवून ‘अन्बर’ लिहावे, तर इराकच्या प्रांताची आठवण होते. या सगळ्यातून सहीसलामत सुटतो तो मराठी मुलखातला अंबर. इथे तो निःसंशय मुलग्याचा आहे, आणि मुसलमान घरात ठेवला काय किंवा हिंदू घरात ठेवला काय, शाळेच्या दाखल्यावर त्याचे स्पेलिंगही एकच राहते.